रेशमाच्या आतलं कातडं

शिवगंगाला गळे बघायची सवय होती. देवळात, लग्नात, एस.टी.त, भाजीच्या बाजारात समोरच्या बाईच्या तोंडाआधी तिची नजर गळ्यावर जायची. कुणाचा गळा आखूड, कुणाचा उंच, कुणाच्या हाडांमधला खळगा खोल, कुणाचा भरलेला. त्या गळ्यावर काय शोभेल हे तिथल्या तिथे तिच्या मनात ठरून जायचं. तिचा नवरा शिवमूर्ती शाहूपुरीत गुळाची अडत चालवायचा. तो म्हणायचा, "कसायागत बघतीस बघ लोकांच्याकडं." लिंगायताच्या घरात ही चेष्टा जरा जास्तच होती, पण माणूस स्वभावाने गरीब होता, आणि ती हसून सोडून द्यायची.

तिचं माहेर पेठ वडगावचं. तिथे शेजारी धोंडुबाई नावाची पटवेकरीण राहायची. लोकांचे मोती, मणी, पुतळ्या ती रेशमात गाठवून द्यायची. पाय पसरून बसायची, पायाचा अंगठा खुंटीसारखा ताठ करायची, त्याला दोरा अडकवायची आणि दोन्ही हातांनी गोफ विणत जायची. शिवगंगा शाळेतून आली की दप्तर टाकून तिच्या पायाशी जाऊन बसे. मोत्याच्या अलीकडे गाठ, पलीकडे गाठ. गाठ मोत्याला टेकली पाहिजे, रुतता कामा नये, हे ती तिथे शिकली. पुढे लग्न होऊन मंगळवार पेठेत आली, आणि बरीच वर्षं हा हात आल्यागेल्यांच्या तुटलेल्या माळा गाठवून देण्यापुरता उरला.

एक्क्याण्णव साली ती चपलेचा अंगठा शिवून घ्यायला चप्पल लाईनीत आकाराम चर्मकाराकडे गेली. तो तेव्हा शेळीच्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांची वेणी घालत होता. ती वेणी चपलेच्या पट्ट्यावर बसायची होती. शिवगंगा बघतच राहिली. एवढं बारीक, एवढं सारखं काम, आणि ते पायात जायचं.

"आकारामदादा, एवढी एक वेणी मला द्या की."

"काय करणार वैनी? कुत्रं बांधणार?"

"गळ्यात घालणार."

आकाराम हातातली रापी खाली ठेवून हसला. पण वेणी दिली. तिने त्या वेणीवर मधोमध तीन मोती गाठवले आणि त्याखाली चांदीचं उसाचं पेर लोंबवलं. हुपरीच्या एका कारागिराकडून तिने ते पेन्सिलीने चित्र काढून देऊन घडवून घेतलं होतं. मग चित्रं वाढत गेली. गुळाची ढेप, म्हशीची शिंगं, गोफण, जोंधळ्याचं कणीस, नांगराचा फाळ. सगळं करंगळीच्या नखाएवढं, चांदीचं. कातडं काळं किंवा पिकलेल्या चिंचेच्या रंगाचं, त्यावर पांढरा मोती, त्याखाली हे चांदीचं चिमुकलं शेत. पुण्यातल्या बायकांच्या प्रदर्शनात तिचा माल पहिल्याच दिवशी उठायचा. कोल्हापुरात मात्र शेजारच्या बनाबाई दारात उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायच्या, "काय ओ शिवगंगाबाई, आता चप्पल गळ्यात घालून हिंडायचं व्हय आम्ही?"

घरात एक रीत पडली होती. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी घालून दिलेली. कातड्याचं काम परसातल्या खोलीत करायचं, तिथल्या वस्तू उंबऱ्याच्या आत आणायच्या नाहीत, आणि अंघोळ केल्याशिवाय चुलीला किंवा देवाला शिवायचं नाही. सासूबाई गेल्या, रीत राहिली. शिवगंगाच्या स्वतःच्या गळ्यातही लिंग होतं, चांदीच्या पेटीत. रोज सकाळी ते तळहातावर घेऊन ती पूजा करायची. मग पेटी पोलक्याच्या आत सरकवून खोलीत जायची आणि संध्याकाळी अंघोळ करायची. आपल्याला स्वतःला ह्यातलं काय पटतं, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली नव्हती.

वेळ आली ती शांभवीच्या लग्नात.

शांभवी ही तिची एकुलती लेक, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आधी दोन स्थळं आली, पोहे खाऊन गेली, आणि चौकशीनंतर निरोप आला की योग नाही. योग कुठे अडला ते मध्यस्थी करणाऱ्या गणपतरावांनी तोंडावर सांगितलं. "वैनी, बाहेर म्हणतात, लिंगायताच्या घरात चामडं शिवतात. आता मी काय उत्तर देऊ?"  त्या दिवशी शांभवी जेवली, ताट घासलं, आणि पुढे महिनाभर आईशी फक्त कामापुरतं बोलली. शिवगंगाने त्या महिन्यात काम बंद केलं. महिन्यानंतर शांभवीच म्हणाली, "तू कर तुझं काम. मी लग्नच करत नाही." आणि तिने ते अशा आवाजात म्हटलं की शिवगंगाला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मग विद्यापीठात तिला रुद्रेश भेटला. निपाणीचा, तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा, लिंगायतच. तो पहिल्यांदा घरी येऊन गेल्यावर शांभवी स्वयंपाकघरात येऊन आईच्या पाठीला टेकून उभी राहिली. लहानपणी उभी राहायची तशी. शिवगंगाने तेव्हाच मनाशी ठरवलं की हे मोडता कामा नये, काही झालं तरी.

गणपतराव निपाणीला बोलणी करून आले. "तुम्ही मोत्याचं काम करता, एवढंच मी सांगितलंय. कातड्याचं नाव काढायचं न्हाय. रुद्रेशची आई, नीलव्वा, लई सोवळ्याची बाई हाय. घरात कमरेचा पट्टासुद्धा बाहेर काढून यायला लावती."

अठ्ठ्याण्णवच्या ज्येष्ठात साखरपुडा ठरला. विहिणीला मानाची वस्तू द्यायची होती, आणि ती आपल्या हातचीच द्यायची असं शिवगंगाने ठरवलं. कातडं अर्थातच नाही. फक्त रेशीम, मोती, चांदी. बेलाची पानं, मधे बसलेला नंदी, दोन्ही बाजूंना मोत्यांचे पदर. चांदी भरपूर वापरली, कारण विहिणीसमोर हलकं दिसायला नको होतं. आणि तिथेच घोटाळा झाला. एवढ्या वजनाला रेशमाचा गोफ ताणला जायचा. नंदी मधोमध राहीना, लोंबून पोटाकडे जाई. बेलपानं एकमेकांवर चढत. तिने तीनदा उसवलं. साखरपुडा दोन दिवसांवर आला तेव्हा तिने जे गेली सात वर्षं केलं होतं तेच केलं. आकारामच्या वाद्यांमधली एक बारीक वादी घेतली, तिच्यावर रेशीम गच्च गुंडाळलं, आणि त्यावर मोती बसवले. वरून कातड्याचा मागमूस नव्हता. हार गळ्यात घातला की असा गोल बसायचा, जणू त्या गळ्यासाठीच जन्मला होता. असला जड हार कुणी रोज घालत नाही, लग्नाकार्यात घालतील आणि कपाटात ठेवतील, असं तिने मनाला सांगितलं. खरं तर तिला तो हार बिघडलेला देववत नव्हता.

साखरपुड्यात नीलव्वाने हार हातात घेतला आणि तिथल्या तिथे गळ्यात घातला. ठेंगणी, गोरी, मोठ्या आवाजाची बाई. भरल्या मांडवात तिने आरसा मागवला.

"अय्यो शिवने! काय बसलाय ओ! बघा की, बघा की!" ती आपल्या जावांना म्हणाली. मग शिवगंगाचे दोन्ही हात धरून म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या हातांत देव हाय. मी ठरवलं आत्ताच. माझ्या लिंगाचा दोरा जुना झालाय. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मठात जाऊन, स्वामींच्या हातनं माझं लिंग ह्या हारात ओवून घेणार. मरेपर्यंत मग उतरायचं नाव न्हाय."

सगळ्या बायकांनी वा वा केलं. शिवगंगा विड्यांचं तबक उचलून आत निघून गेली.

त्या दिवसापासून ती श्रावणापर्यंतचे दिवस मोजू लागली. सकाळी लिंग तळहातावर घेतलं की तिला नीलव्वाचा तळहात दिसायचा. मठात सगळ्या गावासमोर ते लिंग कातड्यावर चढणार. पुढे कधीतरी रेशीम झिजणार, आतली वादी बाहेर डोकावणार, आणि तेव्हा शांभवी त्या घरात असणार. लग्नाआधी कळलं तर लग्न मोडेल. नंतर कळलं तर लेकीचं जिणं हराम होईल. शिवमूर्तीला सांगावं तर तो घाबरून गणपतरावांकडे धावेल, आणि गणपतरावांना कळणं म्हणजे अर्ध्या कोल्हापूरला कळणं.

तिने निपाणीला फोन लावला. "एक मोती सैल राहिलाय असं वाटतंय मला. हार पाठवून द्या, दोन दिवसांत आवळून देतो."

"काय सैल न्हाय ओ," नीलव्वा हसली. "ओढून बघितलं मी. आणि काय बोलताय तुम्ही? साखरपुड्याची वस्तू मुलीकडं परत आली म्हणजे सोयरीक मोडली म्हणतात आमच्यात. तेबी आखाडात! परत तोंडातनं काढू नका असलं."

हे शिवगंगाला ठाऊक होतं. त्यांच्यातही तेच म्हणत. पण जिवाच्या घायकुतीने माणूस ठाऊक असलेलंही विसरतो.

मग एकच वाट उरली. तसाच दुसरा हार करायचा, नुसत्या रेशमाचा, आणि जाऊन बदलायचा. हुपरीच्या कारागिराच्या पाठीस लागून तिने पुन्हा तोच नंदी, तीच बेलपानं घडवून घेतली. ह्या वेळी तिने गोफ दुहेरी विणला, तिहेरी विणला, मेण लावलं, खळ लावली. रात्रंदिवस डोक्यात गोफच. दुहेरी जाड दिसे. तिहेरी ताठ राही आणि मानेला टोचे. खळ लावलेला दुसऱ्या दिवशी ढिला पडे. शेवटी जो झाला तो टांगल्यावर पहिल्यासारखाच दिसायचा. गळ्यात घालून मात्र तिने आरशात दोनदा बघितलं नाही.

आषाढ संपत आला तेव्हा तिने कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, मोठा डबा भरला, आणि विहिणीकडे आखाडाचं तळण पोचवायचं निमित्त करून निपाणीची एस.टी. धरली. हार कमरेच्या पिशवीत होता. कागलपर्यंत तिने लिंगाची पेटी पोलक्यावरून घट्ट धरून ठेवली होती. देवाकडे काय मागावं हेच तिला सुचत नव्हतं. त्याच्याशीच लबाडी करायला निघाली होती, आणि त्याच्याचकडे यश मागायचं?

नीलव्वाने दारातच मिठी मारली. घरचे पुरुष वखारीत गेले होते, जावा कुठल्याशा बारशाला. "बसा, बसा. मी अंघोळ करून येतो, मग पूजा, मग आपण दोघी जेवू," म्हणत ती न्हाणीकडे गेली. जाता जाता गळ्यातला हार काढून तिने देवघराच्या फळीवर ठेवला. म्हणजे ती तो रोजच घालत होती. पूजेतही.

न्हाणीत पाण्याचा आवाज सुरू झाला. शिवगंगा उठली. देवघरात उदबत्तीचा आदल्या दिवसाचा वास होता. फळीवर हार, आणि त्याला अगदी लागून पूजेचं साहित्य. तिने हार उचलला. तो अजून उबदार होता. तिच्या लक्षात आलं की त्याने बाक घेतला आहे. नीलव्वाच्या मानेचा, डाव्या खांद्याकडे किंचित झुकलेला. चांगलं कातडं असंच करतं. थोड्या दिवसांत ते माणसाला ओळखायला लागतं. एका क्षणासाठी तिला त्या हाराचा अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची इतकी शिसारी आली की तिने डोळे मिटून अदलाबदल केली.

नीलव्वा आली, ओले केस पंच्यात गुंडाळलेले. लिंग तळहातावर घेऊन तिने पूजा सुरू केली. मंत्र पुटपुटत तिने उजव्या हाताने फळीवरचा हार उचलला, गळ्यात घातला, आणि मंत्र थांबला.

तिने हात वर नेला. नंदी चाचपला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"हे माझं न्हवं," ती म्हणाली.

"तुमचंच की. दुसरं कुठलं असणार?"

"न्हाय ओ. ते असं हलत न्हाय." ती शिवगंगाकडे वळली. "ते बसतं गळ्यात. हे नुसतं लोंबतंय. काय केलंत तुम्ही?"

शिवगंगाला खोटं सुचलं नाही असं नाही. चार खोटी सुचली. पण पूजेचं लिंग अजून नीलव्वाच्या डाव्या तळहातावर होतं, आणि त्याच्यासमोर जीभ उचलेना. तिने कमरेच्या पिशवीतून पहिला हार काढून पाटावर ठेवला.

नीलव्वाने लिंग पेटीत ठेवलं, पेटी बांधली. मग पानाच्या डब्यातला अडकित्ता आणला आणि हाराच्या मागच्या बाजूला, जिथे मोती नव्हते तिथे, रेशीम कातरलं. आतून चिंचेच्या रंगाची कड दिसली.

"काय हाय हे?"

"कातडं."

"कशाचं?"

"शेळीचं."

नीलव्वा खाली बसली. तिचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मी पूजा केली ओ ह्याच्यात. रोज केली." असं ती दोनतीनदा म्हणाली. शिवगंगाने तिचे पाय धरले. सगळं सांगितलं; परसातली खोली, आकाराम, आलेली दोन स्थळं, रेशमाला न पेललेलं वजन. शेवटी जे शब्द ती महिनाभर मनात घोळवत होती ते तिने काकुळतीने बाहेर काढले.

"अक्का, आपल्या जुन्या शरण-संतांतच एक चांभार होता ना? त्याने गुरूसाठी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवले, तेव्हा त्याला आपण पूज्य म्हणालो. मग माझं एवढं..."

"होता की," नीलव्वा म्हणाली. "त्याच्या पोराला बामणानं पोरगीबी दिली. ठाऊक हाय ना तुम्हाला? आणि मग राजानं दोघा व्याह्यांना हत्तीच्या पायाला बांधून ओढलं, तेबी ठाऊक हाय ना? ते मोठे लोक, विहीणबाई. त्यांची पुराणं झाली. आपल्याला कोण पुराणात घालणार? आपल्याला नुसतं ओढतील."

 बाहेर कुणीतरी तंबाखूने भरलेल्या बोदांची गाडी उतरवत होतं, त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या.

"ह्या घरात हे कळलं तर लग्न मोडतील," नीलव्वा म्हणाली. "माझा दीर मठाच्या पंचात हाय. रुद्रेश मग घर सोडंल, मला ठाऊक हाय त्याचं टाळकं. माझं पोरगं जाईल आणि तुमची पोरगी बसंल. म्हणून मी तोंड उघडणार न्हाय. पण तुम्ही पुन्हा ह्याला हात लावायचा न्हाय. कधीच न्हाय. माझ्या घरात पोरगी देणार, तिच्या पोटी माझी नातवंडं येणार. त्यांना घेणारे हात कातड्यात नकोत मला. लिंगावर हात ठेवा आणि बोला."

शिवगंगाने पोलक्यातली पेटी बाहेर काढली, लिंग तळहातावर घेतलं, आणि बोलली. तिला वाटलं होतं, शब्द अडकतील. अडकले नाहीत. शांभवीचं टेकलेलं डोकं तिला पाठीवर जाणवत होतं.

नीलव्वाने पहिल्या हारातली वादी सरकन ओढून काढली. चांदी, मोती आणि रेशीम ओंजळीत घेऊन ती म्हणाली, "वस्तू परत जायला नको, हे मी ठेवतो. मठात हा गळ्यातला नवाच घालून जातो. ही तेवढी घेऊन जावा." आणि नंतर, अगदी खालच्या आवाजात, "बसत मात्र झक्कास होता."

नंतर दोघी जेवायला बसल्या. कुणीच काही खाल्लं नाही.

आकारामला सांगणं तिला सगळ्यांत अवघड गेलं. खोलीत त्याच्या वाद्यांचं भेंडोळं होतं, ते घेऊन ती लाईनीत गेली. खोटं सांगायचं ठरवून गेली होती, पण सात वर्षं हा माणूस तिच्यासाठी कोवळ्यात कोवळं कातडं बाजूला काढून ठेवत आला होता. तिने खरं सांगितलं.

आकारामने भेंडोळं घेतलं नाही. "म्हंजे आमचं कातडं तुमच्या देवाला बाटवतंय."

"मी तसं म्हणत नाही, आकारामदादा."

"तुम्ही कशाला म्हणाल? तुम्ही नुसती शपथ घेतली." तो ऐरणीवर तळ ठोकत राहिला. "पुण्याच्या बायका गळ्यात मिरवत हुत्या तवर आकारामदादा, आकारामदादा. पोरीच्या लग्नात आकाराम चांभार झाला. बरं झालं, वैनी. मी येडा घरात सांगत हुतो, माझं काम गळ्यात घालत्यात म्हणून."

 भेंडोळं तिथेच त्याच्या फळकुटावर ठेवून ती निघाली. मागून त्याने ते उचलून गटारात टाकल्याचा आवाज झाला, की नुसताच हातोडा पडला, हे तिने वळून बघितलं नाही. त्यानंतर ती चप्पल लाईनीतून कधी गेली नाही. बिंदू चौकातून वळसा घालायची.

लग्न मार्गशीर्षात झालं, थाटात झालं. मांडवात निपाणीकडची एक म्हातारी येऊन शिवगंगाचे हात हातांत घेऊन दाबू लागली. "वाताचं तेल लावता का न्हाय? नीलव्वा सांगत होती, बोटं आखडली म्हणून. एवढा चांगला हात, आणि देवानं असं करावं." शिवगंगाने मान वर केली. पलीकडे नीलव्वा उभी होती, डोळ्यांनी विनवत होती. कुणीतरी विचारलं असणार, विहीणबाई आम्हालाही असा हार का करून देत नाहीत म्हणून. त्यावर तिने हे उत्तर दिलं होतं. वाईट हेतू त्यात नव्हता.

"लावतो की," शिवगंगा म्हणाली.

शपथ फक्त कातड्याची होती. पण ह्या वाताने रेशीम आणि मोतीही नेले. बोटं आखडलेल्या बाईने माळ गाठवली तर ते निपाणीला कळायला कितीसा वेळ? बनाबाईंची पोत तुटली तेव्हा तिने ती परत दिली. बनाबाई, ज्यांनी इतकी वर्षं टोमणे मारले, त्या पायरीवर बसून हळहळल्या. "आता आमचं कोण गाठवून देणार ओ?" शांभवी माहेरी आली की शिवगंगा तांब्या दोन्ही हातांनी उचलायची, बरणीचं झाकण शिवमूर्तीकडून उघडून घ्यायची. शिवमूर्तीलाही खरं माहीत नव्हतं. त्याने कुठून कुठून तेलं आणली, औषधं आणली, आणि परसातली खोली गुळाच्या ढेपा ठेवायला घेताना तिची परवानगी विचारली. ती हो म्हणाली. महिन्याभरात खोलीत मुंग्या झाल्या. रिकाम्या दुपारी ती पाय पसरून बसायची, तेव्हा पायाचा अंगठा आपोआप ताठ व्हायचा. मग ती पाय दुमडून घ्यायची.

दोन हजार एक साली शांभवी पहिल्या बाळंतपणाला कोल्हापूरला आली. मुलगी झाली. बाळाला लिंग बांधायला जंगमस्वामी आले, निपाणीहून नीलव्वा आली. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे बाळाच्या लिंगाच्या दोऱ्याची गाठ आईच्या आईने मारायची. स्वामींनी कापडात बांधलेलं इवलंसं लिंग आणि दोरा शिवगंगापुढे धरला.

"स्वामी, आईला जमत नाही," शांभवी पलंगावरून म्हणाली. "बोटं धरलीत तिची. अत्ती बांधतील." अत्ती म्हणजे सासू. शांभवी आता निपाणीच्याच शब्दांत बोलायची.

नीलव्वा पुढे झाली. तिने शिवगंगाकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तिच्या बोटांना पोत्याच्या तोंडाची गाठ मारायची सवय. तिने तशीच मारली, मोठी आणि सैल. मऊ दोऱ्यावर असली गाठ टिकत नाही. शिवगंगाने पदराखाली हात एकमेकांत धरून ठेवले होते.

दुपारी पाहुणे गेले, नीलव्वा आतल्या खोलीत आडवी झाली. बाळाने पाय झाडले आणि दोरा सुटून दुपट्यावर पडला.

"आई, सुटली गं गाठ. बघ की."

शिवगंगाने दोऱ्याची दोन टोकं उचलली. बोटांनी पहिला वेढा घेतलासुद्धा, तीन वर्षांनी, काही न विचारता. तिने वर बघितलं. शांभवी कुशीवर वळून तिच्या हातांकडेच बघत होती, डोळ्यांत आश्चर्य येऊ लागलं होतं.

शिवगंगाने टोकं सोडून दिली.

"मला नाही जमत, बाई. तूच बांध."

शांभवी कशीबशी उठून बसली, ओठ दातांत धरून तिने दोरा गुंडाळला, ओढला, पुन्हा गुंडाळला. गाठ तिरकी बसली, एका बाजूला फुगली.

"बरी आहे ना?"

"बरी आहे," शिवगंगा म्हणाली.